हायब्रिड कॅटफिशला टाकी पुन्हा पुन्हा लहान का पडते?

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. चार फुटी टाकी लहान पडली म्हणून सहा फुटी केली, तरी सहा महिन्यांत मासा परत काचेला घासतोय. नाकाचं टोक पांढरं झालंय, मिशा तुटल्यात, पाणी बदललं तरी दोन दिवसांत दुधाळ. मीठ टाकून झालं, औषध टाकून झालं, फिल्टरही मोठा बसवला. चार दिवस बरं वाटतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

मासा जवळजवळ नेहमी तोच असतो: रेडटेल कॅटफिश (आरटीसी) आणि टायगर शॉव्हेलनोज कॅटफिश (टीएसएन) यांचा संकर. दुकानात 'आरटीसी हायब्रिड' किंवा 'आरटीसी-टीएसएन' या नावानं मिळतो. (हायब्रिड म्हटलं की काहींना मांगूर आठवतो. तो वेगळा, थाई मांगूरच्या संवर्धनावर आपल्याकडे बंदी आहे.) बोटाएवढा असताना हा मासा भलताच गोड दिसतो. फावड्यासारखं चपटं तोंड, करड्या अंगावर काळे पट्टे नि ठिपके, पांढरं पोट, शेपटीला लालसर झाक आणि अंगाच्या मानानं अवाच्या सवा लांब मिशा. मी घेतला तेव्हा तीन इंचांचा होता. दुकानदार म्हणाला, "दादा, चार फुटांत आरामात राहील. मासा टाकीच्या हिशोबानंच वाढतो." मी डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, घरात चार फुटी टाकी रिकामी पडलेली. मला हेच ऐकायचं होतं.

लोक मुलांची उंची दाराच्या चौकटीवर लिहून ठेवतात, तशी मी त्याची लांबी स्टँडच्या प्लायवर पेन्सिलीनं लिहायचो. जूनमध्ये ३ इंच. सप्टेंबरला ९. डिसेंबरला १४. पुढच्या जूनमध्ये २०. ते प्लाय अजून माझ्याकडे आहे आणि आरटीसी घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला मी आधी ते दाखवतो.

आता दुकानदाराच्या त्या वाक्याकडे येऊ, कारण सगळी गडबड तिथून सुरू होते. लहान टाकीत मासा खुजा राहतो, इतपत ते खरं आहे. पण तो 'हिशोबानं' खुजा राहत नाही. साचलेल्या घाणीत आणि हालचालीला जागा नसल्यानं त्याची वाढ खुंटते, कणा वाकतो, तो आजारी पडत राहतो आणि त्याच्या अर्ध्या वयात मरतो. शिवाय या संकराचे आईबाप कोण ते पाहा. रेडटेल हा अ‍ॅमेझॉन, ओरिनोको आणि एसेक्विबो या नद्यांच्या खोऱ्यांतला मासा. सव्वा मीटरहून लांब सापडलेला आहे. टायगर शॉव्हेलनोजही मीटरभर होतो. दोघांना हार्मोनचं इंजेक्शन देऊन हॅचरीत ही पिल्लं काढतात. अशा घरातलं पोर चार फुटी टाकीकडे बघून दीड फुटावर थांबेल, ही अपेक्षाच चुकीची.

हिशोब मोठ्या माशाचाच करायचा. मी तीन फूट धरतो. याहून लांब गेलेलेही आहेत, पण तीन फूट धरलं की बाकीचे आकडे बरोबर जागेवर येतात.

'इंचामागे चार लिटर' हा नियम इथे विसरा. तो गप्पी आणि टेट्रासाठी ठीक. मासा लांबीत दुप्पट झाला की जाडीत आणि रुंदीतही साधारण दुप्पट होतो, म्हणजे वजन आठपट. सहा इंचांचा मासा चोवीस इंचांचा झाला तर लांबी चौपट, पण वजन जवळपास चौसष्टपट. खाणं वाढतं, विष्ठा वाढते, अमोनिया वाढतो. तुम्ही मात्र चार फुटांवरून सहा फुटांवर गेलात, म्हणजे २५५ लिटरवरून ६८० वर. पाणी पावणेतीनपट आणि मासा त्याच्या कित्येकपट. पाणी दोन दिवसांत का दुधाळ होतं, याचं उत्तर एवढंच.

लिटर काढायची सोपी रीत: लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८.३ नं गुणा. टाकीची उंची नाही, पाण्याची. वर चार बोटं मोकळी सोडतो ती त्यात येत नाहीत.

पण नाक सोलतं ते लिटरमुळे नाही. मी स्वतः सहा महिने इथेच चुकलो.

सहा फुटी टाकी आणली तेव्हा मासा सोळा-सतरा इंचांचा होता. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. वाटलं, आता दोन वर्षं बघायला नको. मासा वीस इंचांचा झाला आणि नाकाचं टोक परत पांढरं. एका रात्री हॉलमधला दिवा बंद करून मोबाइलच्या मंद उजेडात वरून बघत बसलो. मासा तळाशी सरळ पोहत जायचा, समोरची काच आली की वळायला अंग वाकवायचा, आणि मध्येच नाक एका काचेला नि शेपूट दुसऱ्या काचेला टेकायची. मग तो नाक काचेवर घासत घासत स्वतःला फिरवून घ्यायचा. अरुंद बोळात ट्रक वळवावा तसं. वळून झालं की तीन-चार सेकंदांत पलीकडची काच, आणि तिथे परत तेच. रात्रभरात किती वेळा, हे मोजायचं माझं धाडस झालं नाही. चोवीस इंच रुंदीत वीस इंचांचा मासा कागदावर मावतो. प्रत्यक्षात तो जाडजूड असतो, मिशा पुढे काढून चालतो, आणि त्याला काचेपासून थोडं अंतर राखायचं असतं.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न 'टाकी किती फुटी?' हा राहिलेला नाही. 'रुंदी किती?' हा आहे. आपल्याकडे टाकी नेहमी लांबीच्या नावानं विकतात, चार फुटी, सहा फुटी, आणि रुंदी मुकाट्यानं दीड किंवा दोन फूट निघते. भिंतीला लावायला ते सोयीचं असतं. माशाच्या लांबीच्या निदान दीडपट रुंदी हवी, लांबी तीन ते चारपट हवी. तीन फुटांच्या माशाला याचा अर्थ साडेचार-पाच फूट रुंद आणि नऊ ते बारा फूट लांब. उंचीला मात्र फारसं महत्त्व नाही. हा तळाशी राहणारा मासा, अडीच फूट पाणी पुरे. उंच टाकीत लिटर वाढतात आणि मासा तरी अडकलेलाच. दहा बाय पाच, पाणी अडीच फूट म्हणजे साधारण साडेतीन हजार लिटर. आठ बाय चार, अडीच फूट म्हणजे साधारण साडेबावीसशे. या दुसऱ्या आकड्यावर कित्येक जण समाधान मानतात. माझ्या मते तो दोन-सव्वादोन फुटांच्या माशापर्यंत चालतो, त्यापुढे नाही.

तुमच्या टाकीची परीक्षा घ्यायची असेल तर औषधाची बाटली उघडण्याआधी ही करा. टाकीच्या वरच्या कडांवर दर सहा इंचांवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, झाकण काढा, मासा सरळ पोहत असताना वरून एक फोटो घ्या, वळताना एक घ्या. पहिल्यावरून लांबी कळेल, दुसऱ्यावरून नाक-शेपूट टेकतात का ते दिसेल. टेकत असतील तर रोग टाकीला आहे, माशाला नाही.

नाक टेकत नसेल आणि तरी सोलत असेल, तर मात्र दुसरीकडे शोधावं लागतं. एकदम लागलेला दिवा हे नेहमीचं कारण. अंधाऱ्या खोलीत कोणी फटकन ट्यूब लावली की हा मासा बाणासारखा सुटतो आणि समोर जे असेल त्यावर आपटतो. आधी खोलीतला लांबचा छोटा दिवा लावायचा, दहा मिनिटांनी टाकीचा. हीटरचा, दगडाचा, ओव्हरफ्लोचा धारदार कोपरा हेही एक. रुंद टाकीत पाणी दुधाळ होत असेल तर फिल्टर नवा आहे का, खाणं जास्त होतंय का, हे बघा. मोठ्या माशाला रोज खायला लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. आणि खाणं सोडलं असेल तर घाबरण्याआधी तळ मोजा: किती गोटे होते, किती उरलेत? हा मासा गोटे, सक्शन कप, थर्मामीटर, तोंडात मावेल ते सगळं गिळतो. माझ्या टाकीतला हीटरचा रबरी कप गायब झाला होता. तो आठवड्याभरानं जसाच्या तसा बाहेर आला. त्या दिवसापासून तळ बोडका, आणि हीटर भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात.

औषधाबद्दल एकच सांगतो. याला खवले नसतात, त्यामुळे डब्यावरची पूर्ण मात्रा याच्यासाठी नसते, आणि तांबं असलेली औषधं तर लांबच ठेवा. सोललेलं नाक स्वच्छ पाण्यात आपलं आपण भरतं. कारण काढलं नाही तर कुठल्याच औषधानं भरत नाही.

आता फ्लॅटवाल्यांसाठी, कारण कुर्ल्याच्या बाजारातून रविवारी हा मासा पिशवीत घेऊन लोकल पकडणारे बहुतेक जण फ्लॅटवाले असतात. पाण्याचं वजन लिटरला किलो. आपल्याकडे घरांच्या खोल्यांची जमीन ज्या मानकानं बांधतात, त्या आयएस ८७५ मध्ये राहत्या खोलीचा भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरलेला असतो. दोन फूट उंच पाणी उभं केलं की ते एकटंच चौरस मीटरला सहाशे किलो भरतं. अडीच फूट पाणी साडेसातशेच्या वर. काच आणि लोखंडी स्टँड आणखी वेगळे. स्लॅब लगेच कोसळत नाही, कारण तो भार सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात आणि टाकी एका भिंतीशी असते. बीमवर किंवा बीमच्या काटकोनात लावलेली सहा फुटी टाकी पुष्कळ घरांत वर्षानुवर्षं उभी आहे. पण साडेतीन हजार लिटर म्हणजे साडेतीन टन, 'छोटा हत्ती' टेम्पोच्या चार-पाच खेपांचा माल एका जागी, दिवसरात्र. ते दुसऱ्या मजल्यावर ठेवायचं की नाही हे ना मी सांगू शकत, ना टाकी बनवणारा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला इमारतीचे नकाशे दाखवून विचारायचं. आमच्याकडे आलेल्या इंजिनिअरनं हॉल बघितला, मासा बघितला आणि म्हणाला, "साहेब, तळमजला बघा."

पाण्याचंही तेच. आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं तर आठ बाय चारच्या टाकीला अकराशे लिटर लागतात. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे आठ माणसांचं दिवसाचं पाणी दर रविवारी मोरीत. मे महिन्यात सोसायटीत टँकर येत असताना हे करून बघा, मग सेक्रेटरी काय म्हणतात ते मला कळवा. शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपो लागतोच, आणि मोठ्या टाकीत तो चिमटीनं नाही, वजन करून टाकावा लागतो. नायट्रेटचा किट घरात ठेवा. ते चाळीस पीपीएमच्या खाली राहायला हवं. माझ्या सहा फुटीत ते पाणी बदलल्यावर चौथ्या दिवशी ऐंशीच्या रंगाला भिडायचं, तेव्हाच कळलं की आता फिल्टर वाढवून भागणार नाही. फिल्टर अमोनियाचं नायट्रेट करतो. नायट्रेट बाहेर काढायला बादलीच लागते.

मग पर्याय काय? घ्यायचा असेल आणि शेवटच्या टाकीची जागा आज डोळ्यांसमोर नसेल, तर घेऊ नका. 'पुढे बघू' म्हणून दर सहा महिन्यांनी टाकी वाढवत जाणं हा सगळ्यात महाग रस्ता आहे. माझ्या चार फुटी आणि सहा फुटी टाक्यांचे, दोन स्टँडचे आणि दोन फिल्टरांचे पैसे एकत्र केले तर तळमजल्यावर एक चांगला हौद बांधून झाला असता.

मासा घरात असेलच, तर तळमजला किंवा गाव शोधा. काचेचा हट्ट सोडला की आकडे एकदम आवाक्यात येतात. मत्स्यशेतीच्या बायोफ्लॉकसाठी ताडपत्रीच्या ज्या गोल टाक्या मिळतात त्या या माशाला फार चांगल्या. तीन मीटर व्यास आणि मीटरभर पाणी म्हणजे सात हजार लिटर, आणि कोपराच नाही, त्यामुळे मासा न थांबता फिरत राहतो. वरून बघावा लागतो, एवढंच. मला विचाराल तर वरूनच हा मासा जास्त देखणा दिसतो. बाहेर उभी केली तर वर जाळी घट्ट बांधा, कारण हा उडी मारतो.

माझा मासा शेवटी माणगावजवळ मामाच्या घरी गेला. तिथे वाड्याच्या मागे जुना गुरांचा गोठा होता, पत्र्याचं छप्पर शाबूत. त्याखाली चौदा बाय सात फुटांचा सिमेंटचा हौद बांधला, पाणी तीन फूट, सव्वाआठ हजार लिटर. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच चढतो, म्हणून तीन आठवडे हौद भरायचा नि ओतायचा चालला होता. मामानं गावच्या रिवाजाप्रमाणे केळीचे खांब तुकडे करून आत टाकले. चौथ्या भरणीला पीएच आठच्या खाली आला, तेव्हा कुठे मासा नेला. मामानं टबातला मासा पाहिला आणि म्हणाला, "अरे, मासा आणलायस की वासरू?"

नेतानाची एक गोष्ट जपा. आधी तीन दिवस खायला घालू नका, नाहीतर वाटेत ओकून टबातलं पाणी नासवतो. आणि जाळीनं पकडू नका. शिंगाळा ज्यांनी हातात धरलाय त्यांना त्याच्या पराचा काटा माहीत असेल. याच्या छातीच्या परांना तसेच काटे असतात आणि ते जाळीत अडकले की मासा पिळे देतो. मी पहिल्या टाकीतून काढताना जाळी वापरली होती. शेवटी कात्रीनं जाळी कापत बसलो, आई टॉर्च धरून उभी, आणि मासा घोरल्यासारखा आवाज काढत होता. दुसऱ्या वेळी टाकीतलं पाणी वीतभर ठेवलं, ओल्या चादरीत मासा घेतला आणि सरळ टबात. झाकण, सेलवर चालणारा एअर पंप, आणि पहाटे चारला निघणं, म्हणजे ऊन नाही नि ट्रॅफिक नाही.

शेततळ्याचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो, कारण प्लास्टिक अंथरलेलं शेततळं गावोगाव आहे. दोन अडचणी. एक म्हणजे थंडी. हा अ‍ॅमेझॉनकडचा मासा, त्याला पाणी चोवीस ते अठ्ठावीस अंशांचं लागतं. निफाडच्या किंवा पुण्याच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत उघड्यावर तो टिकायचा नाही. कोकणात जमतं, तेही छपराखाली. दुसरी अडचण पावसाची. तळं भरून वाहिलं की मासा ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत. २०१८ च्या पुरानंतर केरळातल्या नद्यांत अरापैमा आणि अ‍ॅलिगेटर गार जाळ्यांत मिळाले होते, ते असेच कोणाच्या तरी तळ्यातून सुटलेले. आपल्या उजनीत सकर मासा कोळ्यांची जाळी फाडतो, तोही मुळात काच साफ करायला आणलेला. म्हणून तलावात, खाडीत, गणपती विसर्जनाच्या घाटावर, कुठेही हा मासा सोडायचा नाही. नको झाला तर ज्याच्याकडे हौद आहे अशा माणसाला फुकट द्या. असे लोक मिळतात. फक्त दोन फुटांच्या माशाला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, म्हणून दीड फुटाचा असतानाच शोधायला लागा.

ज्यांच्याकडे आत्ता चौदा-पंधरा इंचांचा मासा चार फुटी टाकीत आहे, त्यांच्यासाठी या आठवड्याचं काम. टाकीतले दगड, सजावट, सोबतचे छोटे मासे सगळं बाहेर; ते मासे तसेही फार दिवस राहणार नाहीत. खाणं आठवड्यातून तीनदा, कोळंबीचे तुकडे आणि बुडणारे पेलेट आलटून पालटून. बाजारातले जिवंत गोल्डफिश घालू नका, त्यांच्याबरोबर रोग येतात आणि त्यांच्यातला थायमिनेज माशाचं बी-१ जीवनसत्त्व मोडतो. पाणी एकदम निम्मं नको, तीन दिवसांआड तिसरा हिस्सा. झाकणावर वजन. यानं तुम्हाला तीन महिने मिळतील, फार तर चार. तेवढ्यात जागा नक्की करायची.

माझं काम त्या हौदानं झालं. आता मासा साडेतीस इंचांचा आहे. मामा दर महिन्याला हौदाच्या काठावर कोळशानं खूण करून मोजतो आणि फोटो पाठवतो. गेल्या जानेवारीत पहाटे पाणी एकवीस अंशांवर गेलं होतं, म्हणून यंदा गोठ्याच्या उघड्या बाजूला ताडपत्री लावायची आहे. नाक पूर्ण भरलंय. डाव्या मिशीचं टोक मात्र आखूडच राहिलं.